तांबडी गाडी आणि तानबाची खंजिरी

देवाच्या दारात बोललेला शब्द परत घेता येत नाही, हे तानबाला चांगलं ठाऊक होतं. तरी तो बोलून बसला. तेही वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेच्या मारुतीच्या पायरीवर, सप्त्याच्या तिसऱ्या दिवशी, हातात प्रसादाचा द्रोण धरून आणि वीस-पंचवीस माणसांच्या देखत.

"काल्याच्या कीर्तनाआधी सुश्रुतभाऊच्या गाडीची थरथर मी काढून नाई दाखवली, तं माही खंजिरी या प्रफुलच्या दुकानात खुट्टीले टांगजा. मी जलमभर मागच्या रांगेत बसून नुसत्या टाळ्या वाजवीन."

पायरीवरची माणसं द्रोण खाली ठेवून त्याच्याकडं बघू लागली. बोरगावात तानबाचं मोटार दुरुस्तीचं गॅरेज होतं, हे खरं. पण गावात त्याला ओळखत ते खंजिरीसाठी. बाबाराव महाराजांच्या कीर्तनात पेटी चुकली तर चालायची, टाळ मागं-पुढं झाले तर महाराज हसून सांभाळून घ्यायचे. तानबाची खंजिरी नसली तर मात्र ते निरूपणाला हातच घालत नसत. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. बापाच्या हातची खंजिरी, कातडं तीनदा बदललेलं, कडेच्या पितळी चकत्या मात्र त्याच. हरिनामाचा गजर चढू लागला की त्या चकत्यांची छनछन अशी काही उठायची, की बायाबापड्यांच्या डोळ्यांना आपोआप पदर लागायचा.

आणि ही खंजिरी तो एका तांबड्या गाडीवर लावून बसला होता.

गाडी होती शाळेतल्या लीनाबाईंच्या मुलाची, सुश्रुतची. सुश्रुत बुटीबोरीच्या एका कारखान्यात इंजिनियर. त्यानं मुंबईहून कुणा हौशी माणसाची जुनी परदेशी स्पोर्ट्स कार आणली होती. दोनच दारं, दोनच सीटा, रंग पिकल्या मिरचीचा, आणि उंची इतकी कमी की रस्त्यातली म्हैस तिच्याकडं वाकून बघायची. दोन हजार तीन सालच्या वर्ध्यात अशी दुसरी गाडी नव्हती. आणि ही गाडी ऐंशीच्या वेगावर गेली की तिचं स्टेअरिंग थरथरायचं. साधं नव्हे, अंगात आलेल्या बाईसारखं.

सुश्रुतनं ती पिपरी मेघेला प्रफुलकडं तीनदा नेली. प्रफुल म्हणजे तानबाच्या बहिणीचा मुलगा. मामाच्या गॅरेजात पाने पुसत शिकला आणि आता 'कॉम्प्युटरवर चाकाचा तोल' अशी पाटी लावून बसला होता. त्याच्या मशीननं तिन्ही वेळा शून्य-शून्य दाखवलं. तिथून निघताना गाडी लोण्यावरून चालल्यासारखी चालायची. एक दिवस बरा जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा थरथर, आणि आधीपेक्षा जास्त.

"मामा, गाडीतच खोट असन," प्रफुल पायरीवर म्हणाला होता. "मशीन खोटं बोलत नाई."

"मशीनले डोळे आहेत बे, कान कुठं आहेत?" तानबा म्हणाला, आणि त्या भरात पुढचं सगळं बोलून गेला.

प्रफुलनं लगेच शर्त पक्की केली. "ठीक आहे मामा. पण दोन गोष्टी. गाडीत खंजिरी ठेवून ऐंशीवर न्यायची, एकबी चकती वाजली नाई पाहिजे. अन् कारण सांगा लागन. नुसतं बरं झालं, देवाची कृपा, असं नाई चालणार."

"दोन्ही कबूल," तानबा म्हणाला. मारुतीनं ऐकलं. आता सुटका नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी तानबा सुश्रुतच्या शेजारी बसला. बसला म्हणजे काय, विहिरीत उतरतात तसा आधी एक पाय, मग दुसरा, मग 'जय हरी' म्हणून उरलेला देह सोडून दिला. मांडीवर खंजिरी.

"तानबाजी, हे कशाला?" सुश्रुतनं विचारलं.

"डॉक्टरच्या गळ्यात असते ना नळी, तसंच."

पवनारच्या रस्त्याला लागल्यावर सुश्रुतनं वेग वाढवला. साठला खंजिरी गप्प. सत्तरला गप्प. अठ्ठ्याहत्तरच्या पुढं एक चकती कुरकुरली आणि ऐंशीला सगळ्या मिळून गजर करू लागल्या. तानबाचं बोट नकळत मांडीवर ठेका धरू लागलं.

"आता गेअर काढून घ्या भाऊ. नुसती वाहू द्या."

गेअर काढला. इंजिन थंडावलं, गजर तसाच. "म्हणजे इंजिन निर्दोष. आता ब्रेक हळूच, लाडानं." ब्रेक लागला, थरथर वाढली नाही. "ब्रेकबी निर्दोष. बूड हलून राह्यलं का तुमचं?"

"काय?"

"सीट हो. सीट हलते का?"

"नाही. फक्त हात."

"तं मागची चाकंबी सुटली. पाप पुढच्या दोघाईपैकी एकाचं." मग त्यानं खंजिरी आधी सुश्रुतच्या पायाशी धरली, मग आपल्या पायाशी. आपल्याकडं ती जास्त तडफडली. चाकाच्या दर फेऱ्याला एक छन, एक छन, समेवर बरोबर. "डावं पुढचं. कडेले एका जाग्यावर वजन आहे. जिथं वजन तिथं सम."

धाम नदीच्या पुलावरून गाडी वळवताना सुश्रुत म्हणाला, "आत्ताच खोलू या का?"

तेव्हाच खोललं असतं तर ही कथा इथंच संपली असती. पण चार वाजत आले होते आणि चारला कीर्तन उभं राहणार होतं. तानबा जगातली कोणतीही गोष्ट उद्यावर टाकू शकत होता, कीर्तन सोडून. "उद्या सकाळी प्रफुलकडं, त्याच्याच डोळ्यासमोर खोलू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिपरीला चाक निघालं. आत काही नाही. मशीनवर चढवलं, शून्य-शून्य. परत बसवून गाडी ऐंशीवर नेली, तर खंजिरी अशी मुकी, जणू सासरी पहिल्यांदा आलेली सून.

"काय मामा? सम हरवली का?" प्रफुलनं डोळा घातला. "खुट्टी ठोकून ठेवू ना?"

"आजारी माणूस डॉक्टरच्या दारात बरा होतेच बे," तानबा म्हणाला खरा, पण आवाजात जोर नव्हता. वजन बघितल्याशिवाय कारण सांगता येत नव्हतं, आणि वजन तर गायब होतं. निघताना त्यानं चाकाच्या आतल्या कडेवरून सहज बोट फिरवलं. एका ठिकाणी पैशाएवढा काळा, चिकट डाग होता. ऑइल असेल म्हणून त्यानं बोट पँटला पुसलं.

सहाव्या दिवशी सकाळी सुश्रुतचा फोन. "तानबाजी, पुन्हा सुरू झालं. स्टेअरिंग हातातून निसटतंय."

त्या दिवशी कीर्तनात तानबाचं चित्त नव्हतं. बाबाराव महाराज पूर्वरंगात जात्याचा दृष्टांत सांगत होते, की खुंट्याला बिलगलेला दाणा शाबूत राहतो आणि कडेला गेलेल्याचं पीठ होतं. तानबाला मात्र फिरत्या जात्याच्या जागी चाक दिसत होतं. उजव्या हाताचं बोट चुरचुरत होतं. सकाळपासून त्यावर एक पाणेरी फोड आला होता आणि भोवतीची कातडी काळसर झाली होती. खंजिरीवर त्या बोटाची थाप पडली की मस्तकात कळ जायची.

गजराला सगळा मंडप टाळ्या वाजवू लागला. पहिल्या रांगेत लीनाबाई बसल्या होत्या. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, पण कीर्तनाला नियमानं येणाऱ्या. "भक्ती वेगळी, भोळेपणा वेगळा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा त्यांनी एका रिक्षाला लटकवलेलं लिंबू भर वर्गात आणून कापलं होतं आणि पोरांना त्याचं सरबत पाजलं होतं. अर्धं बोरगाव त्यांच्या हाताखाली शिकलेलं. तानबाही. आठवीत त्याला त्यांनी विज्ञानात दोनदा नापास केलं होतं.

आणि आज लीनाबाई टाळ्या वाजवत नव्हत्या. नुसता एक तळवा दुसऱ्यावर ठेवून डोलत होत्या. उजव्या अंगठ्याला आणि बोटाला चिंधी बांधलेली.

आरती झाल्यावर तानबानं वाकून विचारलं, "बाई, हाताले काय झालं?"

"पोळलं रे. पोळ्या करताना." चिंधीच्या कडेनं कातडी काळसर दिसत होती.

तानबानं आपल्या बोटाकडं बघितलं, मग त्यांच्या. तव्याचा चटका असा काळा पडत नाही. असा फोड जगात एकाच गोष्टीनं येतो, आणि तिच्या तेलाला शाळेतल्या कोणत्याही पुस्तकात उतारा नाही. बिब्बा! नजर लागू नये म्हणून बाया लेकराच्या पाळण्याला बांधतात तो.

तानबाला हसू आवरेना. त्यानं तोंडात उपरण्याचं टोक कोंबलं. मग तो मुद्दाम लीनाबाईंना ऐकू जाईल असा सुश्रुतला म्हणाला, "भाऊ, उद्या सकाळी आठला गाडी पुन्हा प्रफुलकडं. यावेळी चाकाचा कोपरान्‌कोपरा पाहू."

"काय उपयोग तानबाजी, नेलं की बरी होते."

"म्हणूनच तं."

सातव्या दिवशी फटफटीत उजाडायच्या आत तानबा हातात फुलांची परडी घेऊन लीनाबाईंच्या कंपाउंडपाशी कण्हेरीआड उभा राहिला. सप्त्यात देवाला फुलं लागतातच, त्यामुळं यात पाप नव्हतं. दार उघडलं. लीनाबाई रांगोळीचा डबा घेऊन बाहेर आल्या. अंगण सारं मोकळं असताना बरोबर गाडीच्या डाव्या पुढच्या चाकाशी बसल्या. चार ठिपके टाकले, इकडं-तिकडं बघितलं आणि हात चाकाच्या आरपार घातला.

"बाई, रांगोळी चाकाच्या आतूनबी काढता का?"

लीनाबाई दचकल्या आणि डबा ठिपक्यांवर उपडा झाला. "तानबा! तू होय? फुलं न्यायला आलास? ने, ने. ती जास्वंदपण ने."

"जास्वंद नेतो. पण हातात काय आहे ते दाखवा आधी."

हातात तांब्याच्या तारेत गुंडाळलेलं एक गाठोडं होतं. काळा बिब्बा, तुरटीचा खडा, एक जाड खिळा आणि वर घोड्याच्या नालेचा चांगला अर्धा तुकडा.

"खरंच सांगते, पहिल्यांदा एकच बिब्बा होता," लीनाबाई पुटपुटल्या. "मग सुश्रुत म्हणाला, गाडी थोडी थरथरते. मला वाटलं, लागलीच कुणाची तरी. म्हणून तुरटी न् खिळा वाढवला. तर म्हणाला, जास्तच थरथरते."

"मंग नाल."

"अर्धीच."

"अन् गॅरेजले जायच्या दिवशी?"

"सकाळी काढून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी परत."

तानबा तिथंच मातीत बसला. पोट धरून, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "बाई, तुमीच तं आमाले शिकवलं, नजर-बिजर काई नसते म्हणून!"

"नसतेच मुळी." लीनाबाईंनी पदर खोचला. आवाज एकदम वर्गातला झाला. मग तो खाली आला. "पण गाडी लाल आहे ना रे."

तानबानं त्या मिरचीच्या रंगाकडं बघून मान डोलावली. बाबाराव महाराजांनीही डोलावली असती.

"तानबा, कुणाला सांगू नकोस. सुश्रुतला तर नकोच. त्याच्या वाढदिवसाच्या केकवरच्या मेणबत्त्यासुद्धा मी ऑक्सिजनचा धडा देऊन विझवायला लावल्यात. पोरगं जन्मभर हसेल मला."

आता तानबाचं हसू थांबलं. "बाई, अडचण माहीच आहे. मारुतीसमोर बोललो. कारण सांगा लागते, नाई तं खंजिरी गेली. खोटं सांगता येत नाई, सप्ता चालू आहे. खरं सांगतो तं तुमची लाज जाते."

लीनाबाईंनी गाठोडं पदराआड घट्ट धरलं होतं. ते त्या टाकून देणार नव्हत्या, एवढं तानबाला कळत होतं. आज काढलं तर परवा पुन्हा चढणार, आणि परवा नाल पूर्ण असणार.

मग त्याला जात्याचा खुंटा आठवला. "बाई, तुमी तो गोफणीचा धडा शिकवला होता. मी त्यातच नापास झालतो. दगड गोफणीच्या टोकाले असला तं हाताले ओढ बसते. अन् मुठीतच धरला तं?"

"तर ओढ जवळजवळ शून्य. वस्तू मध्यापासून जितकी दूर, तितकी..." लीनाबाई थांबल्या. त्यांनी चाकाच्या मधोमध असलेल्या चकचकीत गोल झाकणाकडं बघितलं. मग तानबाकडं बघितलं. "तानबा, तुला मी उगाच नापास केलं रे."

झाकण नखानं निघालं. मागं लिंबाएवढी पोकळी होती. त्यात एक बिब्बा आणि तुरटीचा तुकडा कापसात गुंडाळून नीट बसला. खिळा आणि नाल यांना मात्र तानबानं साफ नकार दिला.

"नाल घराच्या उंबऱ्याले ठोका. उंबरा ऐंशीवर पळत नाई."

काल्याच्या दिवशी सकाळी मंडप गच्च भरला होता. दहीहंडी टांगली होती, लाह्यांचं घमेलं तयार होतं. बाबाराव महाराज फेटा बांधून बसले होते, पण उभे राहत नव्हते. खंजिरीचा निकाल लागायचा होता. गाडीत दोनच सीटा, म्हणून सुश्रुत चालवायला आणि प्रफुल न्याय करायला गेला होता. खंजिरी प्रफुलच्या समोर, काचेपाशी.

तानबा रिकाम्या हातांनी पायरीवर बसला होता. बावीस वर्षांत काल्याच्या दिवशी त्याचे हात पहिल्यांदाच रिकामे होते; ते कुठं ठेवावेत हेही त्याला कळत नव्हतं. पहिल्या रांगेतून लीनाबाई मान वळवून वळवून रस्त्याकडं बघत होत्या. एकाएकी तानबाच्या मनात आलं, या बाईनं सकाळी पुन्हा रांगोळी तर नाही ना काढली?

लांबून तांबडा ठिपका दिसला. गाडी थांबली. प्रफुल तोंड पाडून उतरला आणि खंजिरी मामापुढं धरली.

"मुकी झाली, मामा. ऐंशी झाले, नव्वद झाले. पाण्याचा गिलास ठेवला असता तं सांडला नसता."

मंडपात एकच कल्ला झाला. प्रफुलनं हात वर केला. "थांबा! शर्त दोन होत्या. कारण?"

लीनाबाईंनी डोळे मिटले आणि ओठांनी नाम घेऊ लागल्या.

तानबा उठला. खंजिरी पायरीवर ठेवून त्यानं मारुतीकडं बघत कान पकडले. मग म्हणाला, "माया."

"काय?"

"माया बे, माया. डाव्या चाकाच्या कडेले बसली होती, थरावर थर. गाडी थरथरली की अजून एक थर. मी ते काढलं नाई, काढता येतच नाई. फक्त मधात सरकवलं. शिंप्याले विचार, कपड्यात माया ठेवाच लागते. पण आतून, दिसन नाई अशी."

"म्हणजे चिखल बसला होता का?" सुश्रुतनं विचारलं.

"शेवटी सगळी मातीच होते, भाऊ."

"मंग माह्या मशीनवर काऊन नाई दिसली?" प्रफुल हट्टाला पेटला.

"माया मशीनवर दिसली असती, तं महाराजाले इतके वर्षं कीर्तन कायले करा लागलं असतं?"

हशा आणि टाळ्यांनी मंडप हलला, आणि माणसांनी तानबाला पायरीवरच घेरलं. बाबाराव महाराज टाळ सरसावत उभे राहिले. "बोला जय हरी! काल्याचा विषय मिळाला!" लीनाबाईंनी एक डोळा उघडला, मग दुसरा. प्रफुलनं मुकाट्यानं खाली वाकून मामाच्या पायाला हात लावला. गर्दीतून पुढं सरकताना सुश्रुत मात्र तानबाच्या कानाशी हळूच म्हणाला, "तानबाजी, मधलं झाकण मी कधी उघडायचं नाही ना?"

तानबानं त्याच्याकडं नीट बघितलं. पोरगं आईसारखंच गंभीर तोंड करून उभं होतं.

"तुमच्या म्हातारपणापर्यंत तं नाई," तानबा म्हणाला.

गजर सुरू झाला. महाराज नाचत पुढं आले, टाळ उसळले, आणि तानबानं खंजिरी छातीशी घेऊन पहिली थाप मारली. थाप पडली बरोबर, पण खंजिरी हातात किंचित डावीकडं कलली. दुसऱ्या थापेला पुन्हा कलली. कडेला कुठंतरी वजन होतं.

त्यानं चालत्या ठेक्यातच ती उलटी करून बघितली. कातड्यामागं, लाकडी कडेच्या आतल्या बाजूला, लाल दोऱ्यानं घट्ट बांधलेला एक नवाकोरा बिब्बा होता. पायरीवर त्याला माणसांनी घेरलं होतं, तेवढ्यात कधीतरी खंजिरी कुणाच्या तरी मांडीवर गेली असणार.

त्यानं पहिल्या रांगेकडं नजर टाकली. लीनाबाई चिंधीच्या बोटांनी टाळ्या वाजवत होत्या आणि अत्यंत भाविकपणे, डोळ्याची पापणीही न लववता, महाराजांच्या फेट्याकडं बघत होत्या.

तानबानं पकड थोडी सरकवली, अंगठा बिब्ब्याच्या बरोबर समोरच्या कडेला दाबून धरला, तोल जमवला आणि ठेका दुप्पट केला.